मिस्त्रीचं पॉलिश

अण्णा,

तो पाट यंदाही दुकानात आला होता. होडीच्या मागच्या अंगाला, पाण्यापासून वीतभर उंच बसवलेला, सात सागवानी पट्ट्यांचा. ज्यावरून माणसं गंगेत उतरतात, डुबकी मारतात आणि परत वर चढतात, तोच. दर उन्हाळ्यात नदीचं पाणी उतरलं की तो खोलून माझ्याकडं येतो, आणि दर उन्हाळ्यात मी ठरवते की या वेळी तुम्हाला लिहायचंच. मग काचपेपर हातात येतो, नाकातोंडात धूळ जाते, कुणीतरी दाराचं माप घेऊन येतं आणि राहून जातं. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली. तुम्ही हा पाट केलात तेव्हा पंचावन्नचे होता, मी आता चोपन्नची आहे. माझे गुडघे तुमच्यासारखेच वाजतात. पत्र कुठं पाठवायचं नाही हे मला कळतं, पण या वर्षी घाटावर एक गोष्ट कानावर आली आणि ती तुम्हाला न सांगता मला जेवण गोड लागेना.

आधी कामाचं सांगते, कारण तुम्ही असता तर आधी तेच विचारलं असतं. पाट राखाडी पडला होता. होडीवाल्यांनी वर्षभर त्याला तारेच्या ब्रशनं आणि धुण्याच्या सोड्यानं खसाखसा घासलं होतं. कितीदा सांगितलं, अरे बाबांनो, मऊ ब्रश घ्या, साधा साबण घ्या, रेषेच्या आडवं हलक्या हातानं धुवा. पण ऐकतील तर शपथ! रेषांमधला मऊ भाग निघून गेला होता आणि कडक भाग शिरांसारखा वर आला होता. चार पितळी स्क्रूंची डोकी झाकणाऱ्या लाकडी डाटा निघाल्या होत्या, त्या नव्या कापून बसवल्या; डाटेची रेष पट्टीच्या रेषेत यायला पाहिजे, हे अजून तुमच्याच सवयीनं बघते. साठ नंबरच्या काचपेपरानं शिरा उतरवल्या, ऐंशीनं सारखं केलं आणि तिथंच थांबले. खालच्या अंगाला मात्र अजून तुमच्या पटाशीची खूण आहे. सातातल्या दोन पट्ट्या मी बदलल्या, बाकी पाच तुमच्याच.

ते लाकूड तुम्ही किनवटहून आणलं होतं. मी तेव्हा बावीसची. लातूरच्या सासरहून वर्षभरातच परत आलेली, आणि गल्लीतल्या बायकांनी माझ्याबद्दल बोलून बोलून स्वतःचा घसा कोरडा केलेला. तुम्ही मला एका शब्दानं काही विचारलं नाहीत. दुसऱ्याच दिवशी माझ्या हातात काचपेपर दिलात आणि एका पाळण्यापुढं बसवलंत. दारं, पाळणे, देव्हारे, सगळ्याचं घासणं आणि वॉर्निश माझ्याकडं आलं. माझा हात बसला होता, अण्णा, हे मी आजही सांगेन. मी वॉर्निश केलेल्या दारात माणसाला आपलं तोंड दिसायचं. पण गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "मिस्त्री, काय हात हाय तुमचा!" आणि मी मागं चहाच्या कपबशा विसळत असायची.

मग ही होडी आली. नदीच्या मधोमध माणसं न्यायची, अस्थी सोडायला, स्नानाला. घाटावरची तशी पहिलीच मोठी मोटारहोडी, आणि तिच्या मालकानं पाटाचं काम तुम्हाला दिलं. तुम्ही इतके खूश होता की आठ दिवस जेवताना दुसरा विषय नव्हता. पुढं घाटावरच्या सगळ्या होड्यांचं काम आपल्याकडंच येईल, असा तुमचा हिशेब. पट्ट्यांमध्ये बोटभर फटी ठेवल्यात, पाणी खाली गळून जावं म्हणून. शेवटच्या दोन दिवसांसाठी तुम्हाला किनवटला सागवानाच्या लिलावाला जायचं होतं. निघताना पायात चप्पल सरकवत म्हणालात, "माय, ह्याला नुसतं जवसाचं तेल. टर्पेंटाईन घालून पातळ कर, लाव अन् फडक्यानं पुसून काढ. वॉर्निश न्हाई. बाया ओल्या लुगड्यानं, अनवाणी उतरत्यात. पाय धरला पायजे."

मी हाव म्हणून मान हलवली. आणि तुम्ही स्टेशनाकडं वळलात तसं मी वॉर्निशचा डबा उघडला. हैदराबादहून आलेलं नवीन वॉर्निश होतं, पाण्यातसुद्धा टिकतं असं दुकानदारानं सांगितलेलं. माझ्या डोक्यात एकच, की होडीची पूजा होणार, शंभर माणसं जमणार, आणि त्या निस्तेज, तेलकट पाटाकडं कुणी ढुंकूनही बघणार नाही. तीन हात दिले. पहिला हात वाळला की मधे बारीक काचपेपर, मग दुसरा, मग तिसरा. दोन दिवस मी जेवायलासुद्धा नीट उठले नाही. विसरले म्हणावं, तर विसरले नव्हते. तुमचं वाक्य जसंच्या तसं आठवत होतं, आणि मी लावत होते.

तुम्ही किनवटहून आलात ते थेट घाटावर. पाट बसवून झाला होता, झेंडूच्या माळा लागल्या होत्या. लोक म्हणत होते, "मिस्त्री, आरसाच केलाव की!" तुम्ही वाकलात, पाटावरून तळहात फिरवलात आणि मान वर करून गर्दीत मला शोधलंत. मी दुसरीकडं बघितलं. मग तुम्ही मालकाला म्हणालात, "आज कुणाला उतरवू नका. अजून वाळायचं हाय." मालक हसला. उमरीचं एक कुटुंब सकाळपासून थांबलं होतं, त्यांच्या घरातल्या कर्त्या माणसाच्या अस्थी घेऊन. त्यांना परत कसं पाठवणार?

होडी फार लांब गेलीच नव्हती. काठावरून सगळं दिसत होतं. त्या कुटुंबातल्या बाई उतरल्या, नवऱ्याच्या नावानं डुबकी मारली, लेकाचा हात धरून परत पाटावर आल्या आणि दुसरा पाय उचलताना सरकन गेल्या. पाण्यात पडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाटाच्या काठावर कमरेवर पडल्या. तो आवाज नाही विसरत मी. होडी काठाला लागली, त्यांना चादरीत घालून वर आणलं, आणि त्यांचा लेक ओरडला, "कुणी केलं हे पॉलिश? कुणी केलं?"

तुम्ही म्हणालात, "म्या केलं."

मी तुमच्यापासून चार हातांवर उभी होते. माझ्या नखांत अजून वॉर्निश होतं. त्या पोरानं तुमची गचांडी धरली, दोघाचौघांनी सोडवलं, आणि मी उभीच. मला वाटलं, घरी गेल्यावर तुम्ही मला फाडून खाल. तेही नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाट खोलून आणलात आणि काचेच्या तुकड्यानं सगळं वॉर्निश एकट्यानं खरवडलंत. दोन दिवस. मी जवळ आले की म्हणायचात, "राहू दे." चहा ठेवला तर चहा प्यायचात. तुम्ही रागावला असतात तर मी रडले असते, पाया पडले असते, काहीतरी झालं असतं. तुम्ही तेवढीसुद्धा जागा ठेवली नाहीत, आणि खरं सांगते, त्याचा मला कितीतरी वर्षं तुमच्यावर राग होता.

त्या बाईंचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्या जगल्या, पण धड चालल्या नाहीत. तुम्ही सागवानाची एक काठी केलीत, खाली रबर बसवून, आणि रेल्वेनं उमरीला घेऊन गेलात. नंतरही जात राहिलात. मी भाकरी बांधून द्यायची. एकदा मीच म्हणाले, "मी येऊ का?" तुम्ही म्हणालात, "तुझं काय काम तिथं?" हे तुम्ही मला वाचवायला म्हणालात की मला माझी जागा दाखवायला, ते मला अजून कळलेलं नाही. सासर सोडून आलेली पोर, तिच्या नावावर आणखी हे नको, असं तुमच्या मनात असेल. असेलच. पण तुम्ही बोलला नाहीत आणि मी विचारलं नाही. घाटावरचं काम मात्र गेलं. लोक म्हणायला लागले, मिस्त्रीचं वय झालं, हात गेला. पंचावन्नाव्या वर्षी हात गेला! तुम्ही पुढं दहा वर्षं जी दारं केलीत, त्यातलं एकही अजून वाकलेलं नाही.

तुमच्या दहाव्याला तुमच्या जोडीचे एक मिस्त्री आले होते. डोळे पुसत म्हणाले, "लई मोठा कारागीर. ती एक चूक सोडली तर." मी त्यांच्या पुढ्यात चहाची बशी ठेवली आणि आत गेले.

आता जे लिहायचं ते लिहिते. तुमच्यानंतर दुकान मी चालवलं. बाई मिस्त्री म्हणून लोक आधी हसले, मग कामं द्यायला लागले. हळूहळू घाटावरच्या होड्याही आल्या. तुम्हाला हवं होतं ते काम मला मिळालं. आणि जो येतो त्याला चमक हवी. पायरीला चमक, न्हाणीतल्या पाटाला चमक. मी नको म्हणते, तर कुणी मानत नाही. एकदा एका हट्टी गिऱ्हाइकापुढं तोंडातून गेलं, "आमच्या अण्णांच्या हातून एकदा असं झालं होतं, एक बाई पडली." त्यानं लगेच चमकेचा हट्ट सोडला. एवढ्या मोठ्या मिस्त्रीची चूक म्हटल्यावर माणूस ऐकतो, अण्णा. तेव्हापासून मी ते सांगत आले. दहा वर्षं, पंधरा वर्षं, प्रत्येकाला. तुम्ही एकदाच खोटं बोललात, तेही माझ्यासाठी. मी तुमच्याच नावानं ते दुकानात बसून वाटत राहिले.

या वर्षी पाट आणायला मीच घाटावर गेले होते. आता होडी जुन्या मालकाचा मुलगा चालवतो. लग्नाआधीचे फोटो काढायला नवरा-नवरी येतात म्हणे, पाटावर बसून पाय पाण्यात सोडतात. तो म्हणाला, "ताई, फोटोत पाट लई मळकट दिसायलाय. जरा चमक द्या की." मी माझी गोष्ट सुरू करणार, तेवढ्यात शेजारच्या होडीवर कुणीतरी डिझेल सांडलं आणि दुसरा त्याच्यावर खेकसला, "अबे, मिस्त्रीचं पॉलिश केलास का? माणूस मारतोस का काय!" सगळे हसले. मी विचारलं, हे काय म्हणला तो? मालकाचा मुलगा जरा ओशाळला. "काही न्हाई ताई, तशी बोलायची पद्धत हाय इथं. कुणी येड्यासारखं काम केलं की म्हणतेत." त्या पोरांना तुम्ही कोण, हे ठाऊक नाही. तुमचं तोंड कुणी बघितलेलं नाही. तीस वर्षं पाच पट्ट्या नदीत टिकल्या, आणि घाटावर तुमच्यामागं उरलं ते एवढंच.

आठ दिवस मी पाट घासत होते आणि मनात ठरवत होते. काल तेल लावून, पुसून, पाणी ओतून त्याच्यावर अनवाणी उभी राहून बघितलं. पाय धरतो. आज सकाळी रिक्षात घालून घाटावर नेला. स्क्रू आवळून झाल्यावर मी मालकाच्या मुलाला बाजूला बोलावलं आणि सांगून टाकलं. म्हटलं, ते वॉर्निश अण्णांनी लावलं नव्हतं. ते गावात नव्हते. मला नको म्हणून सांगून गेले होते, मी लावलं. बोलताना माझा आवाज बायकी, चिरका झाला, मला माझीच लाज वाटली.

मला वाटलं तो हसेल, नाहीतर जाऊ द्या म्हणेल. पण पोरगा चांगला आहे, अण्णा. त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाला, "मग हे तर लई वाईट झालं ताई. आमीच समदे त्यांचं नाव घ्यायलाव इतके दिवस. सगळे हितंच हायेत. सांगू का त्यांना, आत्ताच्या आत्ता?"

सगळे होते. आठ-दहा होडीवाले, चहावाला, पूजेच्या सामानाची बाई. त्यातल्या निम्म्यांची कामं माझ्या दुकानात पडलेली आहेत. तो हाक मारायला वळलासुद्धा होता.

मी त्याचा दंड धरला आणि "नको" म्हणाले. विचार करून म्हणाले असते तर तुम्हाला कारण सांगता आलं असतं.