कर्नलसाहेबांच्या रायफलीची तपासणी

४ जानेवारी २००४
कर्नल सर्जेराव घाटग्यांना मामांकडून जुनी रायफल मिळाली. एका वेळी एकच गोळी भरायची. तिच्यात मागाहून कोणीतरी बदल केलेत. ते कधी आणि का केले, हे सांगायला जयपुरात माझ्याशिवाय आहे कोण? (विम्यात बावीस वर्षं. मोडतोड बघण्यातच गेली.) लायब्ररीतून पुस्तक आणलं. फोटो उत्तम आहेत.

७ जानेवारी
तपासणी. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता कापून आखूड केलेला. टोकाला चामड्याची गादी. नळीवर नेम धरायला पितळी मणी. कर्नल म्हणाले, आईला विचारू या का, तिच्या माहेरची आहे, ती कालच कागलहून आलीय. मी स्पष्ट सांगितलं, घरच्यांच्या आठवणींवर शास्त्र चालत नाही.

१० जानेवारी
उलगडा! रायफल एका बुटक्या, शूर सरदाराची. मणी म्हणजे राजचिन्ह. गादी मात्र नंतरची घाण. सरदाराचा खांदा कसला दुखतोय! काढून फेका म्हटलं. कर्नल म्हणाले, आधी भाषण होऊ दे. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या सहलीत माझं भाषण ठेवलंय. गिरिजा म्हणाली, त्यापेक्षा तीळगूळ वाटा. बायकोला इतिहासात गती नाही.

१८ जानेवारी, संध्याकाळ
कानोत्याला धरणाजवळ सहल. भाषण रंगात. सरदाराच्या तिसऱ्या लढाईपर्यंत आलो, तेवढ्यात पहिल्या रांगेतून कर्नलच्या मातोश्री इंदुबाई म्हणाल्या, "तो बुटका सरदार म्हणजे मी. बारा वर्षांची होते."
उसात रानडुकरं यायची. इंदुबाईंचा हात पुरेना म्हणून वडिलांनी दस्ता कापला. खांदा सुजला म्हणून गादी ठोकली. मणी बैलाच्या माळेतला.
कोणीतरी विचारलं, डुक्कर पडलं का?
"छे! शेजाऱ्याची कौलं पडली. पण वडील म्हणाले, नेम सरळ होता, घर मधे आलं."
सगळे खुर्च्या उचलून त्यांच्याकडे वळले. गिरिजासुद्धा. इंदुबाई रायफल मांडीवर घेऊन तिच्या गादीवरून बोटं फिरवत बसल्या होत्या. कर्नल हळूच मला म्हणाले, काही काढायचं नाही आता.
एकूण, दस्ता कापलेला आहे हे माझं निदान बरोबर ठरलं. उंचीही जुळली.

२० जानेवारी
मंडळाचा फोन. पुढच्या महिन्यात इंदुबाईंचं भाषण. त्यांना उभं राहवत नाही, तेव्हा शेजारी बसून माइक धराल का?
होकार दिला. तज्ज्ञ माणूस जवळ असलेला बरा.