टेकडीवरची सव्वीस कंदीलपुष्पं

प्रिय मैथिली,

फोनवर तू "आई, नंतर बोलू" म्हणतेस आणि तो नंतर येतच नाही, म्हणून लिहितेय. निवृत्तीनंतर मी डोंबिवलीत टीव्हीसमोर बसेन असं तुला वाटलं होतं. पण गेली तीन वर्षं पावसाळाभर दर रविवारी, गुडघ्याला पट्टा बांधून, मी मलंगगडाच्या रस्त्यावरच्या त्या टेकडीवर चढते.

वनस्पतिशास्त्र मी तीस वर्षं शिकवलं, पण खरं कंदीलपुष्प दाखवलं ते पाड्यावरच्या गोदूबाईने. गवतात बोटभर फूल, खाली फुगीर, वर पाच पाकळ्या टोकाशी जुळलेल्या. "बाय, याचा कांदा पोरपणी आम्ही उकडून खायचो. आता हात नाय लावत. उरलंय कुठं?" ती म्हणाली. पहिल्या वर्षी आम्ही एकेचाळीस झाडं मोजली, यंदा सव्वीस. आम्ही भोवती दगड रचले, वणवा पोचू नये म्हणून कडेचं गवत कापलं. कोणी गुरं घातली की गोदूबाईच्या शिव्या पायथ्यापर्यंत ऐकू येतात.

आता तिथे दगडाची खाण होणार आहे. खाणवाल्यांचा माणूस मला म्हणाला, "आजी, कुंड्या देतो, घरी लावा ना." मी सांगितलं, दोन कंद लावून पाहिले, दोन्ही कुजले. तो हसला, "एका फुलासाठी एवढं?" म्हटलं, हो, फुलासाठीच. तुम्हाला दगड कुठेही मिळेल.

मग खाणीच्या परवानगीसाठी त्यांनी दिलेला पर्यावरण अहवाल मिळवला. 'परिसरात उल्लेखनीय वनस्पती नाहीत.' पाहणी मे महिन्यात! मे महिन्यात कंद जमिनीखाली झोपलेला असतो, वर काडीसुद्धा दिसत नाही. हे पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळतं.

शेवटच्या पानावर तुझी सही आहे, मैथिली. पाहणीचं काम घेतलेल्या तुझ्या कंपनीने घाई केली असेल, तुला विचारलंही नसेल. पण सही तुझी आहे. सोमवारी ठाण्याला जनसुनावणी आहे. गोदूबाई बोलणार आहे, आणि मी तारखांसकट फोटो दाखवून हा अहवाल खोटा आहे असं म्हणणार आहे. सही कोणाची असं कोणी विचारलं, तर माझ्या मुलीची, असंही सांगेन. कंपनीतर्फे तूही येशील, तिथे मला पाहून तुला धक्का बसू नये म्हणून आधी कळवतेय. पाहणी पावसाळ्यात पुन्हा करावी, एवढं एक वाक्य तू अजूनही लिहून देऊ शकतेस. नाही दिलंस तरी मी उभी राहणारच.

रागावलीस तरी तुझीच,
आई