नको म्हणजे नको

आप्पा, आज संध्याकाळी दिवा लावताना माझी चार वर्षांची नात दत्ताला हात जोडेना. जमिनीवर लोळून किंचाळू लागली, लाथेने समई उलटवली. माझा हात वर गेला, तुमचा जायचा तसाच, खांद्यापासून. तो कसाबसा खाली घेऊन मी म्हणालो, "नको जोडू. देव मन्हा शे, तुन्हा नही." ती ताडकन उठली. "नही, मन्हाच शे!" म्हणत तिने मला ढकललं, हात जोडले आणि मी चिडतो का ते एक डोळा उघडून बघत राहिली.

ही युक्ती तुमचीच. सारंगखेड्याच्या घोडेबाजारासाठी तुम्ही घोड्या तयार करायचात. एखादी तापीच्या पाण्याशी अडली तर तिला मारायचा नाहीत. लगाम धरून मागे रेटायचात. मागे जायचं नाही या हट्टापायीच ती पाण्यात शिरायची. चाबूक तुम्ही घरी आणायचात, आमच्यासाठी. त्याच्या गाठीची खूण माझ्या पाठीवर अजून आहे. आईच्या भुवईवर होती, ती तिच्याबरोबर चितेवर गेली.

बहिणीला ताप चढला तो दिवस आठवतो. एवढीशी पोर, अंग भाजत होतं, आणि डॉक्टरने दिलेलं कडू औषध ती थुंकून टाकत होती. तुम्ही तिच्या थोबाडीत मारलीत. नाकातून रक्त आलं. मग तुम्हाला घोडी आठवली असावी. औषधाची वाटी तिच्यापुढे आपटून तुम्ही गरजलात, "दवाई पिऊ नको! तोंड लावशी तं हात मोडसू!" आणि ती आता पिईल म्हणून वाट बघत बसलात. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. औषध नाही, पाणीही नाही. दुपारपर्यंत तिचे डोळे फिरायला लागले. आई चुलीपासून उठली आणि एवढंच म्हणाली, "घोडी तुम्हले घाबरत नही. पोर घाबरस." तुम्ही तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलंत आणि बाहेर निघून गेलात. तुमच्या वहाणांचा आवाज विरला तेव्हा कुठे बहिणीने तोंडावरचे हात काढले. आईच्या कपाळाचं रक्त पदरावर ठिबकत होतं, आणि तिच्या मांडीवर बसून पोर ते औषध मुकाट प्यायली. म्हणून वाचली.

तुमच्या शेवटच्या आजारात मी खाटेजवळ बसलो होतो. हात उचलण्याइतकी ताकद तुमच्यात उरली नव्हती. भिंतीकडे तोंड करून तुम्ही म्हणालात, "मन्हाजोडे बसू नको. जाय." मी लगेच उठलो, वावरात गेलो. परत आलो तोवर सगळं संपलं होतं. माझी नात असती तर तुम्हाला सरकवून तिथेच मांडी घालून बसली असती.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी वावरात पाण्याची पाळी होती म्हणून जावं लागलं, असं मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो. पाळी नव्हती.