गाडीतल्या दोन खुणा

दिघी, मार्गशीर्ष वद्य चतुर्थी, दिवेलागण

गावोगाव देवीची लस टोचत हिंडताना निजायला म्हणून सुक्या मासळीची बंद बैलगाडी घेतली. आज राघू सुताराने निजायच्या फळीच्या मापासाठी मला आत आडवं केलं. डोक्याशी पटाशी टेकवली आणि थांबला. मिठाच्या थराखाली दोन जुन्या खुणा होत्या, एक डोक्याशी, एक पायाशी. नेमक्या माझ्या मापाच्या!

"मीच मारल्या व्हत्या," तो म्हणाला. "तुमच्या आधीच्या टोचणाऱ्यासाठी."

तो कुठे गेला, हे मी विचारलंच कशाला!

"बोर्लीच्या वाटेवर गाडी गावली. बैल उभे व्हते. दाराला आतून कडी. फोडून बघितलं तर आत कोण न्हाय."

उद्या निघायचं आहे. त्या खुणा काही डोक्यातून जात नाहीत. राघूने नव्या मारल्याच नाहीत. गरज न्हाय, म्हणाला.