मागच्या चाकाची जाळी

मामा, आज जूनची आठ तारीख, रविवार. सकाळी आठला दुकान उघडलं. दोन पंक्चर काढली, एका सायकलीचा ब्रेक आवळून दिला. दहाच्या सुमारास सोलापूरचा एजंट नमुने घेऊन आला आणि अकराला एक बाई नातीची सायकल घेऊन आली. आता बाहेर ऊन आहे, रस्त्यावर कोणी नाही. शटर अर्धं ओढून आत बसले आहे. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. तुम्ही सासरे, मी सून. तुमच्यासमोर मी कधी चार वाक्यांच्या पुढं बोलले नाही. म्हणून लिहून बघते.

शाळा आठवड्याभरात उघडतील, त्याआधी माल भरायचा आहे. दुकान तुम्ही ठेवून गेलात तेवढंच आहे, दहा फूट रुंद. एका भिंतीला टायर आणि ट्यूब, दुसरीला फळ्या. त्या फळ्यांवर काय ठेवायचं, हा दर वर्षीचा प्रश्न. एजंटानं चाकात लुकलुकणारे दिवे काढले, मोबाईल अडकवायचं स्टँड काढलं, आणि गाणं वाजवणारा भोंगा तीनदा वाजवून दाखवला. मी म्हणाले, हा विकला तर आळीतल्या बायका मला शिव्या घालतील. तो म्हणाला, वहिनी, तीच तुमची जाहिरात. मी घंट्या, कुलुपं, कॅरिअरच्या क्लिपा आणि सीट कव्हरं सांगितली. शेवटी मागच्या चाकाच्या जाळ्या सांगितल्या, सहा जोड. तो हसला. ओढणी चाकात जाऊ नये म्हणून आता कोण जाळी लावतंय, पूर्ण पट्ट्यात ती घेणारं हे एकच दुकान राहिलंय म्हणाला. मी म्हणाले, लिहा.

तुम्ही असा नमुने बघून माल घेतला नाहीत. परीक्षा चालू असताना तुम्ही हायस्कूलच्या सायकल शेडमध्ये जायचात. लग्नानंतरच्या पहिल्या एप्रिलमध्ये मला बरोबर नेलंत. तुम्ही पुढं, मी दहा पावलं मागं, डोक्यावरचा पदर सावरत. एका सायकलीच्या हँडलला डब्याची पिशवी नाडीनं बांधलेली आहे. तुम्ही तिच्याकडं बोट करता आणि म्हणता, बास्केट. पुढच्या सायकलीला दप्तरासाठी जुन्या ट्यूबची पट्टी आहे, कॅरिअरची क्लिप. फाटक्या सीटवर दुधाची पिशवी बांधली आहे, कव्हर. शेडच्या टोकाला आल्यावर थांबून तुम्ही म्हणालात, "लोक काय मागत्यात ते ऐकू नको. काय बांधत्यात ते बघ." मी बी.कॉम. झालेली होते. कॉलेजात तीन वर्षांत मला कोणी दुकान इतक्या थोडक्यात शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. तुम्ही सोलापूरला गेलात, हे गाडीवर बाहेरगावी होते, आणि माल मी एकटीनं सांगितला. जाळ्यांचे सहा जोड वर्षभर धूळ खात होते. जाळी लावली की सायकल म्हातारीची दिसते, असं मुली म्हणायच्या. मी एजंटाला ते जोड परत दिले आणि त्यांच्या जागी चाकाच्या तारांत अडकवायचे रंगीत मणी घेतले. आठ दिवसांत मणी संपले. तुम्हाला मी ते फुशारकीनं सांगितलं. ओढणीची कमरेला गाठ मारून शाळेत जाणाऱ्या मुली मी रोज बघत होते, मामा. ते मी बांधण्यात धरलंच नाही, कारण ते सायकलीला बांधलेलं नव्हतं.

नंतर एक बाई आली. नववीतल्या मुलीसाठी जाळी हवी होती. तुम्ही डोळ्यांत थेंब घालून घरी पडलेले. मी परत केली, असं सांगायला जड गेलं. "आता येत नाही ती," एवढंच म्हणाले. बाई बरं म्हणून गेली. श्रावणात त्या मुलीची ओढणी हायवेच्या उतारावर मागच्या चाकात गेली. कोपर मोडलं. दोन महिने प्लास्टर होतं, पण हात पुन्हा पूर्ण सरळ झाला नाही.

बाई दुकानात आली तेव्हा तुम्ही गल्ल्यावर होतात, काळा चष्मा लावून. ती भांडायला आली नव्हती. सूनबाई म्हणल्या जाळी येतच न्हाय, म्हणून म्या दुसरीकडं इचारलं न्हाय, असं तिनं सांगितलं. तुम्ही मान वळवून माझ्याकडं बघितलंत. मग तिला म्हणालात, "व्हय बाई. मीच बंद केली. माझं चुकलं." मी तुमच्या मागं उभी होते. पुढं होऊन बोलायला एक पाऊल लागलं असतं.

ती गेल्यावर तुम्ही मला ओरडाल असं वाटलं. तुम्ही चष्मा काढून पुसलात आणि हळू आवाजात म्हणालात, "संपली म्हणावं. ठेवत न्हाय म्हणावं. येत न्हाय म्हणलं की माणूस शोधायचं थांबतंय." एवढंच. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका म्हणून सांगितलेलं असताना दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तुम्ही सोलापूरला गेलात आणि चार जोड घेऊन आलात. एक जोड त्या मुलीच्या घरी जाऊन स्वतः लावून दिलात. हॉटेलात लोक म्हणायचे, डोळ्यासंगट म्हाताऱ्याचं ध्यानबी गेलं. हे तुमच्या कानावर येत होतं, हे मला माहीत होतं. तुम्ही चहा पिऊन दुकानात यायचात आणि मला काय हवं नको विचारायचात. पुढच्या जूनला माल पुन्हा मलाच सांगायला लावलात. इतकी वर्षं मी त्याला तुमचा विश्वास म्हणत आले. आता वाटतं, ती शिक्षाही असेल. विचारायचं राहिलं.

आज सकाळी आली ती हीच बाई. मुलगी आता धाराशिवला असते, तिची लेक सुट्टीत आजीकडं आली आहे. अकरा वर्षांची आहे, सायकल नवी. जाळी हाय का, बाईनं विचारलं. मागचा एक जोड शिल्लक होता, मी लावायला बसले. नात तोंड वाकडं करून म्हणाली, आजी, हे चुलीवरच्या जाळीसारखं दिसतंय. आजी म्हणाली, दिसू दे, तुझ्या आईचा हात बघितलाय न्हवं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "मामांनी तवा जाळी बंद केली नसती तर... जाऊ द्या. माणूस चांगला व्हता. तेवढं एक चुकलं त्यांचं."

माझ्या हातात पाना होता. नट बसला होता, तरी मी तो आवळत राहिले. बारा वर्षांपूर्वी तुमच्या दहाव्यालाही कोणी तरी हेच बोललं होतं. तेव्हा रडणं होतं, गर्दी होती. आज दुकानात आम्ही तिघीच होतो. भीती वाटली असं नाही. ती मला काही बोलली नसती. पण एकोणीस वर्षं तुमच्या मागं उभं राहायची सवय झाली आहे. मी म्हणाले, झालं, चाक फिरवून बघा. तिनं चाक फिरवून बघितलं, आणि दोघी गेल्या.

संध्याकाळी तिच्या घरी जाऊन सांगेन, असं इथं लिहिणार होते. नाही लिहीत. लिहिलं की केल्यासारखं वाटतं, आणि मग मी जात नाही. असे दोन कागद याआधी लिहून झाले आहेत, मामा. त्यांत मी जाईन असं लिहिलं होतं.

चार वाजत आले. शटर वर केलं, बादली भरून आणली आणि दुकानापुढच्या धुळीवर पाणी मारलं.