मेख्टिल्टची कबुली

तीन राजांच्या सणाचा दुसरा दिवस, १३३९

नगरसभेनं निकाल लावला एकदाचा! पोप आणि बादशहा भांडणार, आणि पोपचं टाळं आमच्या चर्चला — घंटा नाही, गाणं नाही, मेलेल्याला पवित्र माती नाही. किती वर्षं सोसायचं? आता पाद्र्यांना हुकूम: उघड्या दारानं प्रार्थना गा, नाहीतर गाव सोडा. चौकात सगळ्यांत मोठ्यानं मीच ओरडलो. पिंपं ठोकून ठोकून छाती अजून भरदार आहे!

घरी बायको, मेख्टिल्ट, आजारी अंथरुणातूनच कडाडली, "पोपची बंदी हे खाटीक आणि पिंपवाले उठवणार? उद्या पापंही तेच माफ करतील, शेराच्या मापानं!"

"अगं, देवाचं घर गावाचंच ना?"

"घर असेल. किल्ली येशूनं पीटरला, पहिल्या पोपला दिली होती, खाटकाला नाही."



सोमवार

फादर गॉत्झो गेले. गायला तयार झाले नाहीत. आमच्या सगळ्या पोरांचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातचा. बर्फातून पायी, काखेत गाठोडं. मला म्हणाले, "आवाज छान आहे हो तुमचा." एवढंच.

मेणबत्त्यांचा सण

घंटा वाजल्या! लोक रडले, मीही. मेख्टिल्ट कानांत लोकर कोंबून पडलेली. खोकल्यातून रक्त येतंय. नवा पाद्री कबुली ऐकायला आला, तर तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. "बंदी मोडणाऱ्यापुढे नाही. गॉत्झोबाबांना आणा, अहो. पापं पोटात घेऊन जायची भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी

तळ्यापलीकडे, फादर जाऊन राहिलेत तिथं, गेलो. फादर लगेच उठले — मरणाऱ्याची कबुली ऐकायला पोपचीही मनाई नाही म्हणे.

वेशीवर पहारेकरी आडवा. "न गाणाऱ्याला आत सोडायचं नाही. आजोबा, हुकूम तुम्हालाच हवा होता ना?"

पाया पडलो त्याच्या. नाहीच.

फादर म्हणाले, "पाद्री मिळत नसेल तर मरणाऱ्यानं कुणाही ख्रिस्ती माणसाला पाप सांगावं. तुम्ही ऐका."

"मी? मी तिचा नवरा!"

"तिला विचारा तरी."

घरी येऊन विचारलं. म्हणाली, "बसा."

संत आगाथाचा दिवस

मेख्टिल्ट गेली.

एकच पाप सांगितलं — नवऱ्यावरचा राग काही केल्या जात नाही. मग मलाच विचारलं, "त्याला क्षमा करू का, फादर?"

पाद्री असता तर 'कर' म्हणाला असता. माझ्या तोंडून निघेना.