एकोणीस फेब्रुवारीची नोंद

मी, ऑर्विल टॅन्सिल, वय एक्क्याऐंशी, निवृत्त लॅटिन शिक्षक आणि येथील चर्चच्या मंडळीचा वडील, राहणार हेरन पॉइंट, अलाबामा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वहस्ताक्षरात लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. शेजारच्या श्रीमती लाविनिया प्रुएट यांनी काल केक आणला होता. तो मी आधी माझ्या वकिलांना खायला दिला. ते सुखरूप आहेत.

१. आत्मा ज्याने दिला त्याच्या स्वाधीन. देह माझी पत्नी डोरोथिया हिच्या शेजारी ठेवावा.

२. घर व बाग पुतणी कोरिन हिला. अट एकच: मागच्या ओसरीवर दरवर्षी पंधरा फेब्रुवारीला हमिंगबर्डसाठी साखरपाण्याची बाटली टांगावी. एक वाटी साखर, चार वाट्या पाणी. रंग मुळीच नको. कुंपणापलीकडे लाल रंग घालतात असा माझा जुना संशय आहे. सिद्ध करता आलेला नाही.

३. दुर्बीण कोरिनलाच. तिच्या नवऱ्याने दुर्बिणीला हात लावू नये. त्याने माझ्यादेखत एका पतंग किड्याला हमिंगबर्ड म्हटले आहे.

४. आता वही. लाल कंठाचा पहिला नर हमिंगबर्ड मेक्सिकोचे आखात एका दमात ओलांडून आपल्या किनाऱ्यावर उतरतो, ती तारीख मी चौतीस वसंत लिहिली आणि पक्ष्यांच्या स्थलांतराचा नकाशा करणाऱ्यांना कळवली. त्या तारखांवरून उत्तरेकडची माणसे आपल्या बाटल्या टांगतात. म्हणून खोटी तारीख ही दहा आज्ञांतल्या नवव्या आज्ञेखाली येणारी खोटी साक्षच आहे, असे मी मंडळीत अनेकदा शिकवले, आणि शिकवताना श्रीमती प्रुएट यांच्याकडे पाहिले. कारण त्यांचा पक्षी जवळजवळ दरवर्षी माझ्या आधी दोन दिवस येई. मी जाब विचारला तर म्हणत, "ब्रदर टॅन्सिल, तो माझ्याकडे न्याहारी करून मगच तुमच्याकडे येतो. देवळात पहिला बाक तुमचा, म्हणून पक्षीही आधी तुम्हालाच दिसायला हवा होय?"

या मृत्युपत्राला पुरावा जोडावा म्हणून गेल्या आठवड्यात मी त्यांची वही मागितली. कचरतील असे वाटले होते. "न्या की," एवढेच म्हणाल्या. ही तत्परताही मला संशयास्पद वाटली.

मी पाने उलटत १९९९ पर्यंत आलो. त्या वर्षीची माझी तारीख एकोणीस फेब्रुवारी, या किनाऱ्यावरची सर्वांत लवकरची; मंडळीत तिच्यासाठी टाळ्या झाल्या होत्या. त्यांच्या वहीत त्या तारखेला लिहिले होते: "ब्रदर टॅन्सिल म्हणतात, आला. डोरोथिया म्हणते, तो हिवाळाभर इथंच होता. तिनं शपथ घातली, म्हणून मी गप्प."

हे खरे आहे. त्या सकाळी डोरोथिया खिडकीतून म्हणाली होती, "अहो, हा समुद्रावरून नाही आलेला. पायातलं कडं बघा. डिसेंबरात अभ्यासकांनी आपल्याच अंगणात घातलेलं. रोज मीच तर पाजते त्याला!" कडे मी पाहिले. मग लेखणी उचलली आणि लिहिले, आला. पुढच्या वर्षी ती गेली. त्यानंतर ही गोष्ट जाणणाऱ्या फक्त कुंपणापलीकडच्या श्रीमती प्रुएट उरल्या, आणि जवळजवळ वीस वर्षे मी त्यांनाच खोटारड्या ठरवत राहिलो.

ती नोंद मी आज लाल शाईने खोडली आहे. खरी तारीख अकरा मार्च; त्या वर्षी बिनकड्याचा पहिला नर मला त्या दिवशी दिसला होता. नकाशावाल्यांना पत्र टाकले आहे; रविवारी मंडळीसमोर उभा राहून तेच सांगेन. त्याआधी मेलो तर कोरिनने हे कलम मोठ्याने वाचावे, काहीही न गाळता.

५. माझी वही श्रीमती लाविनिया प्रुएट यांना. यंदाचा रकाना कोरा आहे. तो त्यांनी भरावा. त्यांच्या २०११ च्या नोंदीवर मात्र माझा अजूनही विश्वास नाही.

साक्षीदार: १. होरेस लँगली, दंतवैद्य (सही). २. विल्मा स्टॅगर्स, मंडळीची ऑर्गनवादक (सही).

श्रीमती प्रुएट यांची सही येथे नाही. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, असे वकील म्हणतात. खरी साक्ष मात्र त्यांचीच होती.

ऑर्विल टॅन्सिल (सही)
हेरन पॉइंट, ५ मार्च २०१९. पक्षी अजून आलेला नाही.